मुंगीएवढी अक्षरे, मान्यवर मात्र मोठे

महोदय,
मागच्या हिवाळ्यात नातीला घेऊन नवी मुंबईत खाडीकिनारी रोहित (फ्लेमिंगो) पक्षी पाहायला गेलो. ठाणे खाडी २०२२ पासून रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे. तिथला माहितीफलक मात्र (कुणी लावला ते जाऊ द्या) सात वर्षांच्या पोरीच्या डोक्यावरून जाणारा, शब्दशः! फिक्या निळ्यावर पांढरी, मुंगीएवढी अक्षरे. निम्मी जागा मान्यवरांच्या फोटोंनी खाल्लेली. उरलेल्या जागेत लॅटिन नाव, क्षेत्रफळ, अधिनियम. वरून चकचकीत लॅमिनेशन, त्यामुळे उन्हात दिसतो तो आपलाच चेहरा.

"आजोबा, यांचे गुडघे उलटे का वाकतात?" नातीने विचारले. फलक गप्प. अहो, तो गुडघा नव्हेच, घोटा आहे. खरा गुडघा वर पिसांत झाकलेला असतो. रोहित डोके उलटे करून पाण्यातले शेवाळ चोचीने गाळतो आणि त्यातल्याच रंगद्रव्याने गुलाबी होतो. दोन रेखाचित्रे, चार ओळी, काम झाले.

छपाईत उभी हयात गेली, म्हणून हे जास्त खुपते. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांच्या माहितीपत्रकांना आरेखनकार मॅसिमो विग्नेली यांनी १९७७ मध्ये साचा आखून दिला: काळी पट्टी, त्यात ठळक पांढरी अक्षरे. तो आजही वापरात आहे.

आपल्याकडे निदान कमरेएवढ्या उंचीचा, तिरका फलक लावावा. शेजारी भरती-ओहोटीच्या वेळा खडूने लिहायला एक पाटीही ठेवावी. आम्ही पोचलो तेव्हा ओहोटी होती आणि पक्षी पार लांब, चिखलात.

– एक आजोबा, नेरूळ