सत्तेचाळीस टक्के सूट, पण कशावर?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या अंकाचे पहिले संपूर्ण पान लॅपटॉपच्या सवलतविक्रीच्या जाहिरातीने व्यापले होते. पाच यंत्रांची छायाचित्रे, प्रत्येकाखाली खोडलेली एक किंमत, तिच्याशेजारी ठळक अक्षरांत दुसरी किंमत आणि कोपऱ्यात ‘५५ टक्क्यांपर्यंत सूट’ असा लाल गोल, असे ते पान होते. मी भिंग घेऊन तळाच्या बारीक अटीही वाचल्या. परंतु पाचांपैकी एकाही यंत्राचा मॉडेल क्रमांक मला सापडला नाही. गेली अठरा वर्षे मी मिरजेत संगणक प्रशिक्षणाचा वर्ग चालवते. बारावीचा निकाल लागला की ‘मॅडम, हा घेऊ का?’ असे विचारत मोबाइलवरचे चित्र पुढे करणारे पालक रोज दोन-तीन तरी येतात, आणि त्यांना उत्तर देण्यासाठी मला जी माहिती लागते ती त्या चित्रात जवळजवळ कधीच नसते. म्हणून हा पत्रप्रपंच.

सूट मोजली जाते ती खोक्यावर छापलेल्या एमआरपीपासून. सर्व करांसह याहून जास्त पैसे घेता येणार नाहीत, एवढाच एमआरपीचा अर्थ आहे. ती कितीही चढी छापली तरी लॅपटॉपच्या बाबतीत कोणी हरकत घेत नाही, आणि त्या किमतीला ते यंत्र एका तरी गिऱ्हाइकाने कधी घेतले होते का, हे दाखवण्याची गरज कोणावर येत नाही. साबण, बिस्किटे, चहापूड यांच्या बाबतीत छापील किंमत आणि दुकानातली किंमत यांत फार तर चार-दोन रुपयांचा फरक असतो, त्यामुळे त्या आकड्यावर विश्वास ठेवायची आपल्याला सवय लागलेली आहे. लॅपटॉपमध्ये तोच फरक वीस-पंचवीस हजारांचा असतो आणि आपण सवयीने तोच विश्वास तिथेही ठेवतो.

माझ्या वर्गातल्या एका वहीत मी गेली काही वर्षे चार-पाच मॉडेलांच्या किमती टिपून ठेवते. त्यातले एकच पान सांगते. एका यंत्राची २९ ऑगस्ट २०२५ रोजी संकेतस्थळावरील किंमत ३२,४९० रुपये होती. १२ सप्टेंबरला ती ३५,९९० झाली. नवरात्राच्या सुमारास, २३ सप्टेंबरला सेल सुरू झाला आणि तेच यंत्र ३१,९९० रुपयांना दिसू लागले. एमआरपी ५९,९९९ असल्यामुळे त्यावर ‘४७ टक्के सूट’ अशी पट्टी होती, आणि हिशेबाने ती बरोबरच होती. परंतु ऑगस्टअखेरच्या किमतीशी ताडून पाहिले तर ग्राहकाचे वाचत होते ते अवघे ५०० रुपये. हे यंत्र वाईट नव्हते आणि ३१,९९० ही किंमतही अवाजवी नव्हती. ती नेहमीची किंमत होती, एवढेच. ज्याला गरज होती त्याने ते ऑगस्टमध्येच घेऊन महिनाभर वापरले असते तरी बिघडले नसते.

अर्थात मी स्वतः फसले ती किमतीत नव्हे, यंत्राच्या वयात. जून २०२५ मध्ये बहिणीच्या मुलाला अकरावीसाठी लॅपटॉप हवा होता. एका संकेतस्थळावर ४१,९९० रुपये खोडून १८,९९० लिहिलेले एक यंत्र दिसले. पंचावन्न टक्के सूट, नामांकित कंपनी, विंडोज ११ आधीच बसवलेले, वजनाला हलके. ‘फक्त २ शिल्लक’ ही तांबडी ओळ वाचून मी, दुसऱ्यांना सबुरीचा सल्ला देणारी बाई, रात्री साडेअकराला पैसे भरून मोकळी झाले. खोका आल्यावर त्याच्या बुडाशी चिकटवलेला छापील कागद मी विजेरी धरून वाचला. त्यावर उत्पादनाचा महिना होता ११/२०२२. म्हणजे अडीच वर्षांहून अधिक काळ ते यंत्र बॅटरीसकट गोदामात पडून होते, आणि लिथियम बॅटरी न वापरताही काळाने क्षीण होत जाते. आतला प्रोसेसर (यंत्राचा मेंदू) दोन कोअरचा, म्हणजे दोनच गणन-केंद्रांचा, आणि २०१९ साली बाजारात आलेला. म्हणजे यंत्र बनले तेव्हाच तो तीन वर्षांचा होता. रॅम (चालू कामे धरून ठेवणारी तात्पुरती स्मृती) ४ जीबी. साठवण ६४ जीबी, तीही एसएसडी (साठवणीचा वेगवान, बहुधा बदलता येणारा भाग) नव्हे तर ईएमएमसी, म्हणजे स्वस्त मोबाइलमध्ये असते तशी, मदरबोर्डवरच (यंत्राच्या मुख्य पट्टीवरच) डाग देऊन बसवलेली चिप, जी पुढे बदलता येत नाही. चौसष्टपैकी अठ्ठावन्नच्या आसपास दिसत होते आणि त्यातले निम्म्याहून अधिक विंडोजनेच अडवले होते. तिसऱ्या महिन्यात विंडोजचा मोठा अपडेट आला आणि जागेअभावी अडकून बसला. ‘मावशी, माझी एकच पीडीएफ आहे हो ह्यात,’ असे तो बिचारा मला पटवून देत होता, आणि ते खरेच होते.

विक्रेत्याने यात एकही खोटे विधान केले नव्हते, ही यातली खरी मेख आहे. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने सांगितलेली किमान गरज ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण एवढीच आहे. किमान म्हणजे प्रणाली बसवण्यापुरते. त्यावर ब्राउझरची आठ-दहा पाने, एक ऑनलाइन तास आणि वर्डची एक फाइल एकाच वेळी चालावी, अशी हमी त्यात नाही. तो लॅपटॉप आता माझ्या वर्गात मराठी टंकलेखनाच्या सरावासाठी ठेवला आहे. तेवढे काम तो करतो; पण त्यासाठी १८,९९० रुपये देण्याची गरज नव्हती.

तेव्हापासून मी पालकांना सूट किती हे विचारत नाही, प्रोसेसरचे पूर्ण नाव आणायला सांगते, कारण यंत्राचे वय त्या नावात लपलेले असते. इंटेल कंपनीचा ‘आय३’ एवढ्याने काहीच कळत नाही. आय३-१११५जी४ हा अकराव्या पिढीचा आणि दोन कोअरचा, तर आय३-१२१५यू हा बाराव्या पिढीचा आणि सहा कोअरचा. दोघांच्या झाकणाखाली चिकटपट्टी मात्र तीच. इंटेलची प्रतिस्पर्धी कंपनी एएमडी हिच्या बाबतीत गंमत अधिक आहे. तिच्या लॅपटॉपसाठीच्या २०२३ पासूनच्या रायझन ७००० मालिकेत पहिला आकडा वर्षाचा आहे, पण आतली रचना कोणत्या पिढीची हे तिसरा आकडा सांगतो. त्यामुळे रायझन ५ ७५२०यू मध्ये २०१९ साली आलेली झेन २ ही रचना आणि चार कोअर आहेत, आणि शेजारच्या रायझन ५ ७५३०यू मध्ये झेन ३ आणि सहा कोअर. नावात फरक एका आकड्याचा. दुकानात दोन्ही ‘रायझन ५, सात हजारवाला’ म्हणूनच विकले जातात. शिवाय ७५२०यू सोबतची रॅम मदरबोर्डलाच जोडलेली असते. आठ जीबी घेतली तर शेवटपर्यंत आठच, हे घेण्यापूर्वी समजले पाहिजे.

हे वाचून जुने ते सगळे टाकाऊ, असे कोणी समजू नये. नवी पिढी आली की दुकानदाराला आधीचा माल काढून टाकायचा असतो आणि खरी स्वस्ताई बहुधा त्याच वेळी मिळते. माझ्या एका विद्यार्थिनीच्या वडिलांनी सांगलीतल्या दुकानातून बाराव्या पिढीचा आय३, ८ जीबी रॅम, रॅमसाठी एक रिकामा स्लॉट आणि ५१२ जीबी एसएसडी असलेला लॅपटॉप २९,५०० रुपयांना घेतला. त्यावर कसलीही ‘महासूट’ लिहिलेली नव्हती. दुकानदाराने खोका त्यांच्यासमोर उघडला, महिना दाखवला, यंत्र सुरू करून दिले, आणि पडदा १९२० बाय १०८० बिंदूंचा (पिक्सेलचा) आहे हेही सेटिंगमध्ये जाऊन दाखवले. (स्वस्त यंत्रांत अजूनही १३६६ बाय ७६८ चा पडदा खपवला जातो आणि एक्सेलचा तक्ता उघडेपर्यंत तो लक्षात येत नाही.) ती मुलगी त्यावर टॅली शिकते, रात्री स्पर्धा परीक्षेची व्याख्याने ऐकते आणि दोन्ही बिनघोर चालते. माझ्या लॅपटॉपपेक्षा त्यांनी १०,५१० रुपये जास्त दिले आणि तरीही स्वस्त पडला तो त्यांनाच.

दुरुस्त करून विकल्या जाणाऱ्या, म्हणजे रिफर्बिश्ड लॅपटॉपांचीही हल्ली रेलचेल आहे. मोठ्या कार्यालयांतून बाहेर पडलेली ती यंत्रे बांध्याला भक्कम असतात, पण ‘आय५, फक्त चौदा हजार’ असे ऐकले की पिढी विचारावी. विंडोज १० चा नियमित आधार (सुरक्षा सुधारणा देणे) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि सहाव्या पिढीच्या आय५ वर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. लिनक्स (विंडोजऐवजी बसवता येणारी मोफत प्रणाली) वापरणाऱ्याला ते यंत्र चांगलेच आहे. आमच्याकडे येणारा बहुतेक पालक मात्र लिनक्स वापरणार नसतो.

‘बिनव्याजी हप्ता’ हे आणखी एक प्रकरण आहे. बँक व्याज लावतेच. विक्रेता तेवढी रक्कम किमतीतून आधी वजा करून दाखवतो. त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि बँकेचे प्रक्रिया शुल्क मात्र ग्राहकाच्याच खात्यातून जाते. व्याज २,००० रुपये धरले तर ३६० रुपये कराचे झाले. रक्कम मोठी नाही, पण माझ्या वहीतल्या त्या पाचशे रुपयांच्या खऱ्या सुटीपैकी बरीचशी तिथेच संपली.

आता मूळ मुद्द्याकडे येते. दुकानात खोका हातात घेता येतो, म्हणून उत्पादनाचा महिना वाचता येतो. ऑनलाइन खरेदीत तो पैसे भरल्यानंतर कळतो, आणि ही त्रुटी नियमांतच आहे. वैध मापन (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ मध्ये २०१७ साली दुरुस्ती झाली आणि १ जानेवारी २०१८ पासून संकेतस्थळांना खोक्यावरची सक्तीची माहिती पडद्यावरही दाखवणे बंधनकारक झाले. मात्र उत्पादनाचा वा आवेष्टनाचा महिना आणि वर्ष त्यातून वगळले गेले. एकाच मॉडेलचे वेगवेगळ्या महिन्यांचे खोके गोदामात असतात, ही विक्रेत्यांची अडचण मला कळते. परंतु शिलकीतला सर्वांत जुना महिना कोणता, एवढे तरी त्यांना सांगता येईलच. बिस्किटाच्या पुड्याचे वय काही महिन्यांनी वाढले तर चव बिघडते. लॅपटॉपचे वय अडीच वर्षांनी वाढले तर त्याच्या उपयुक्त आयुष्यातला मोठा तुकडाच आधी कापला गेलेला असतो, आणि तो पैसे देणाऱ्याला दिसत नाही.

किमतीच्या बाबतीतही करता येण्यासारखे आहे. युरोपीय संघात २८ मे २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार सूट जाहीर करताना आधीच्या किमान ३० दिवसांतली सर्वांत कमी किंमत मूळ किंमत म्हणून दाखवावी लागते. तसा नियम आपल्याकडे असता तर माझ्या वहीतल्या यंत्रावर ४७ टक्क्यांऐवजी दीड टक्क्याची पट्टी लागली असती. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये फसव्या मांडणीचे तेरा प्रकार ठरवून त्यांना मनाई केली आणि खोटी घाई निर्माण करणे हा त्यांतला एक आहे. मी भुलले ती ‘फक्त २ शिल्लक’ ही ओळ पुढे तीन आठवडे तशीच होती, आणि दोनाचे एक कधी झाले नाही. त्याबद्दल मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे. मात्र खोडलेल्या किमतीबद्दल तक्रार कशाच्या आधारे करावी, हा प्रश्न राहतो, कारण ती किंमत खोक्यावर खरोखरच छापलेली असते.

केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने वरील दोन दुरुस्त्या कराव्यात, ही माझी विनंती आहे. त्याला वेळ लागेल. तोवर एक गोष्ट आपल्या हातात आहे. जाहिरातीतून वृत्तपत्राला उत्पन्न मिळते आणि ते मिळावेही. परंतु ज्या लॅपटॉपची किंमत आपल्या पहिल्या पानावर छापली जाते, त्याचा पूर्ण मॉडेल क्रमांक आणि प्रोसेसरचे पूर्ण नाव त्या किमतीखाली, भिंगाशिवाय वाचता येईल अशा अक्षरांत असावे, एवढी अट आपल्या जाहिरात विभागाने घालावी. दोन ओळींची जागा पुरेल. पुढच्या रविवारी कोणी पालक ते पान घेऊन माझ्याकडे आला, तर मला त्याला तिथल्या तिथे उत्तर देता येईल.

आपली नम्र,
एक संगणक प्रशिक्षिका, मिरज