इंग्लंडचा डिपर फ्रान्समध्ये उलटा पडतो

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

इंग्लंडहून स्वतःच्या गाडीने युरोप पाहण्याविषयीचा लेख आपल्या पर्यटन पुरवणीत वाचला. व्हिसा, विमा, उजव्या बाजूने गाडी चालवण्याची सवय हे सगळे त्यात नीट आले आहे. मात्र हेडलाइटविषयी एक अक्षरही नाही. सुट्टीत आई-वडिलांना इकडे बोलावून पॅरिस आणि स्वित्झर्लंड दाखवायला नेणारी मराठी कुटुंबे माझ्या ओळखीतच बरीच आहेत, म्हणून ही उणीव आपल्या लक्षात आणून देत आहे.

ब्रिटनमध्ये भारताप्रमाणेच वाहतूक डावीकडून चालते. त्यामुळे इथल्या गाड्यांच्या डिपरचा, म्हणजे हेडलाइटच्या खाली झुकवलेल्या प्रकाशाचा, झोत उजवीकडे, म्हणजे समोरून येणाऱ्याच्या बाजूला, आडवा कापलेला असतो. डावीकडे मात्र तो वर चढतो (साध्या हॅलोजन दिव्यात साधारण १५ अंशांनी), जेणेकरून रस्त्याची कड, पायी जाणारा माणूस आणि पाट्या लांबून दिसाव्यात. तीच गाडी फ्रान्समध्ये उजवीकडून चालू लागली की समोरचा येतो डावीकडून, आणि वर चढलेला झोत थेट त्याच्या डोळ्यांत जातो. शिवाय आपल्या बाजूची, म्हणजे उजवी कड, जिथे सायकलवाला असू शकतो, ती अंधारात राहते.

हे मी पुस्तकात वाचून लिहीत नाही. पहिल्या खेपेला आम्ही फोकस्टनहून गाडीसकट रेल्वेने ३५ मिनिटांत कॅलेला उतरलो आणि नॉर्मंडीत पोहोचेपर्यंत रात्र झाली. दुपदरी रस्त्यावर समोरची प्रत्येक गाडी आम्हाला डिपर मारू लागली. माझे वडील एसटीत चालक होते. आमच्या गाडीचे स्टिअरिंग उजवीकडे असल्याने ते डावीकडच्या आसनावर, म्हणजे तिथल्या रस्त्याच्या मधल्या बाजूला बसले होते. ते म्हणाले, ‘‘गाडी बाजूला घे. तुझा डिपर त्यांच्या तोंडावर जातोय.’’ एका कुंपणाच्या भिंतीसमोर गाडी उभी करून पाहिले, तर उजेडाची रेघ उजवीकडे सपाट होती आणि डावीकडे भिंतीवर वर चढत गेली होती. झोत वळवणाऱ्या चिकटपट्ट्यांचे पाकीट तेव्हा डॅशबोर्डच्या खणात न फोडता पडले होते. दिवसाच प्रवास करणार, मग कशाला लावायच्या, असे मी ठरवले होते. ती चूक सर्वस्वी माझी होती.

‘दिवसाच चालवणार’ हा विचार मुळात टिकत नाही. फ्रान्समध्ये पावसात डिपर लावावा लागतो, आणि बोगदे तर दिवसाही असतातच. फ्रान्स आणि इटलीला जोडणारा माँ ब्लाँचा बोगदा ११.६ किलोमीटरचा आहे आणि स्वित्झर्लंडमधला गोट्टहार्डचा सुमारे १७ किलोमीटरचा. दोन्हींत एकाच नळीतून दोन्ही दिशांची वाहतूक जाते. अशा ठिकाणी समोरच्याला आंधळे करत जाणे किती धोक्याचे आहे, हे वेगळे सांगायला नको.

उपाय गाडीनुसार बदलतो, म्हणून निघण्यापूर्वी गाडीची पुस्तिका उघडून पाहावी. नव्या एलईडी दिव्यांच्या अनेक गाड्यांत पडद्यावरच्या मेनूतून झोत बदलता येतो. काही झेनॉन दिव्यांत मागच्या बाजूला छोटी दांडी असते. काही गाड्यांचा झोत दोन्हीकडे सपाटच असतो आणि त्यांना काहीच करावे लागत नाही. साध्या हॅलोजन दिव्यांना मात्र चिकटपट्टी लागते. ती अंदाजाने लावून चालत नाही. पाकिटातल्या आकृतीत आपली गाडी शोधून, काच थंड असताना पुसून कोरडी करून, दाखवलेल्या जागीच लावावी लागते. जागा थोडी जरी चुकली, तरी वर चढणारा भाग मोकळाच राहतो. लंडनमध्ये भाड्याने घेतलेली गाडी पलीकडे नेणार असाल, तर ही चौकशी भाड्याने देणाऱ्याकडे आधीच करावी. आयर्लंड, माल्टा आणि सायप्रसमध्ये वाहतूक डावीकडूनच असल्याने तिथे हा प्रश्न येत नाही.

स्वीडनने ३ सप्टेंबर १९६७ रोजी वाहतूक डावीकडून उजवीकडे नेली, तेव्हा साऱ्या देशातल्या गाड्यांच्या दिव्यांची हीच तजवीज करावी लागली होती. एका कुटुंबाच्या एका गाडीसाठी तर दहा मिनिटे पुरतात.

परत आल्यावर पट्ट्या त्याच दिवशी काढाव्यात, मेनूतला बदलही उलटवावा. नाहीतर इंग्लंडच्या रस्त्यावर झोत पुन्हा चुकीचा पडतो, आणि तशाच स्थितीत गाडी वार्षिक तपासणीला नेली तर ती नापास होऊ शकते.

पुरवणीच्या पुढच्या अंकात विमा आणि व्हिसाच्या यादीशेजारी हेडलाइटसाठी चार ओळी द्याव्यात, ही आपणास कळकळीची विनंती.

आपला नम्र,
एक वाचक, लेस्टर (इंग्लंड)