लारेडोहून पत्र : प्रत्येक ट्रक उघडून का पाहत नाहीत?

लारेडो, टेक्सास

ती. मामांस,
साष्टांग नमस्कार.

मेक्सिकोतून अमेरिकेत येणारा प्रत्येक ट्रक उघडून का पाहत नाहीत, असं तुम्ही विचारलंत. तसा एक प्रयोग इथे झालेला आहे. एप्रिल 2022 मध्ये टेक्सासच्या राज्यपालांनी हुकूम काढला, की कस्टम्समधून सुटलेल्या मालट्रकांची राज्याच्या पोलिसांनी पुन्हा तपासणी करायची. रांगा तासन् तास हलेनात, भाजीपाला आणि फळं ट्रेलरमध्येच सडली. पोलिसांना सापडलं ते मुख्यतः खराब ब्रेक, झिजलेले टायर, बंद दिवे. अमली पदार्थ सापडलेच नाहीत. पलीकडच्या चार राज्यांच्या राज्यपालांशी करार करून महिना संपायच्या आत तो हुकूम मागे घेतला गेला.

सरहद्दीवरच्या नदीच्या पुलावर रांग वाढली की सुरक्षितता वाढते असं नाही, उलट घटते. पुलाची रचना पाहा. मेक्सिकोच्या आतून आलेला ट्रक पूल ओलांडत नाही. तो ट्रेलर पलीकडच्या, मेक्सिकोतल्या न्युएवो लारेडोच्या यार्डात सोडतो. तिथून ‘ट्रान्सफर’वाला म्हणजे फक्त पुलापुरतीच फेरी मारणारा ट्रॅक्टर (ट्रेलर ओढणारा ट्रकचा पुढचा भाग) तो अलीकडे आणतो, आणि इथल्या यार्डातून तिसरा ट्रॅक्टर पुढे नेतो. एक ट्रेलर, तीन ड्रायव्हर, दोन यार्ड. ट्रेलरमध्ये काही घुसवायचं असेल तर ते पळत्या गाडीत घुसवत नाहीत, उभ्या ट्रेलरमध्ये घुसवतात. म्हणून माझ्या मते खरी तपासणी कारखान्याच्या दारात, माल भरायच्या आधी झाली पाहिजे, आणि त्यानंतर ट्रेलर कुठेही कमीत कमी वेळ उभा राहिला पाहिजे.

2001 च्या हल्ल्यांनंतर त्याच वर्षी सुरू झालेली सी-टीपॅट ही अमेरिकन कस्टम्सची योजना याच तत्त्वावर चालते; तिच्यात कंपन्या आपणहून सामील होऊन आपापल्या मालाची सुरक्षितता सांभाळतात. तिच्यातली ट्रक-ट्रेलरची तपासणी 17 ठिकाणांची आहे: बंपर, इंजिन, टायर, केबिन, डिझेलच्या टाक्या, हवेच्या टाक्या, जोडणीची तबकडी, ट्रेलरचा तळ, दारं, छत, भिंती, रेफ्रिजरेशन युनिट वगैरे. कागदावर सतरा खुणा करायला एक मिनिट पुरतं, आणि बरेच जण तेवढंच करतात. नीट करायची तर हातात टेप आणि छोटा हातोडा हवा. 53 फुटी ट्रेलर आतून साधारण साडेबावन्न फूट भरतो. माप एखाद-दीड फुटाने कमी आलं तर पुढची भिंत खोटी आहे असं समजायचं. हवेच्या टाकीवर ठोकल्यावर पोकळ आवाजाऐवजी ‘ठप्प’ आला, एकाच पत्र्यावर नवा रंग दिसला, ताज्या गोंदाचा किंवा वेल्डिंगचा वास आला, तर ट्रेलर बाजूला काढायचा.

सीलची गोष्ट जरा सविस्तर सांगते. आयएसओ 17712 या सीलच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे ‘एच’ म्हणजे सर्वांत मजबूत दर्जाचं बोल्ट सील लागतं, ते कापायला बोल्ट कटरच हवा. पण मुरलेला चोर सीलला हात लावत नाही. तो दाराच्या कडीचे रिव्हेट किंवा बिजागरीचे बोल्ट काढतो, दार उघडतो, काम उरकून पुन्हा बसवतो. सील शाबूत, नंबर बरोबर, आणि आत नको तो माल. म्हणून नुसता नंबर वाचून भागत नाही. सील आणि कडी-कोयंडा बघायचा, नंबर कागदांशी ताडायचा, सील जोरात ओढायचं, मग पिळून पाहायचं. रिव्हेटच्या डोक्यावरचा रंग उडालाय का, हेही त्याच वेळी पाहायचं. दुसरा घोळ कस्टम्सने सील कापून तपासणी केल्यावर होतो. अधिकारी नवीन सील लावतात, पण ड्रायव्हर तो नंबर कागदावर लिहून घेत नाही आणि डिस्पॅचला म्हणजे गाड्या पाठवणाऱ्या ऑफिसलाही कळवत नाही. खाण्याचा माल असेल तर घेणारा नंबर जुळत नाही म्हणून अख्खा ट्रेलर परत पाठवतो.

कागदांचं थोडक्यात. ट्रकचं इलेक्ट्रॉनिक मॅनिफेस्ट, म्हणजे गाडीची आणि मालाची यादी, पुलावर पोचायच्या किमान एक तास आधी कस्टम्सच्या संगणकात गेलेलं असावं लागतं, ‘फास्ट’ या विश्वासू वाहतूकदारांसाठीच्या योजनेतल्या ट्रकला अर्धा तास चालतो. टायर बसला म्हणून यार्डात ऐन वेळी ट्रेलर बदलला आणि मॅनिफेस्टमध्ये जुनाच नंबर राहिला, की गाडी थेट आतल्या तपासणीला. लाकडी पॅलेटवर कीड मारण्याच्या प्रक्रियेचा शिक्का नसला, तरीही माल मागे फिरतो.

‘फास्ट’ची वेगळी लेन आहे. ड्रायव्हरचं कार्ड 50 डॉलरमध्ये पाच वर्षांसाठी मिळतं, ते सोपं आहे. अवघड हे, की या सरहद्दीवर कारखाना, वाहतूकदार आणि आयातदार असे सगळे सी-टीपॅटमध्ये असावे लागतात. पाच जणांचा माल एका ट्रेलरमध्ये भरला आणि त्यातला एक जण बाहेरचा निघाला, की सगळ्यांची लेन गेली. शिवाय पुलापर्यंतचा रस्ता सामाईक असेल, तर वेगळी लेन शेवटच्या टप्प्यातच कामी येते.

यंत्रांनी बरंच साधतं. आता काही पुलांवर ड्रायव्हर न उतरता ट्रक एक्स-रेच्या कमानीतून नेतो. केबिनवर सौम्य किरण, मालावर तीव्र. किरणोत्सर्ग शोधणारी कमान मात्र फरशा, केळी आणि मांजरीच्या शौचपात्रातली माती यांनाही ओरडते, कारण त्यांत नैसर्गिक किरणोत्सारी द्रव्यं असतात. अशा मालाचं वर्णन मॅनिफेस्टमध्ये ‘घरगुती सामान’ असं मोघम लिहिलं, तर उलगडा व्हायला वेळ जातो. ‘सिरॅमिक फरशा’ असं स्पष्ट लिहिलं, की अधिकाऱ्याला अलार्मचं कारण लगेच कळतं.

उशिराचा हिशेब शेवटी ड्रायव्हरच्या घड्याळावर येतो. इथल्या नियमाने कामाला लागल्यापासून 14 तासांच्या आत जास्तीत जास्त 11 तास गाडी चालवता येते, आणि मधलं थांबणं या 14 तासांतून वजा होत नाही. अलीकडच्या यार्डात माल यायची वाट पाहण्यात चार-पाच तास गेले, की सॅन अँटोनिओच्या पुढे कुठेतरी भरलेला ट्रेलर रात्रभर उभा करावा लागतो. तिथे पहारा असेलच असं नाही. म्हणून जाणते डिस्पॅचर ट्रेलर अलीकडच्या यार्डात आल्याचं कळल्यावरच पुढच्या ड्रायव्हरला कामावर घेतात, आणि मुक्काम टळत नसेल तर ट्रेलरची मागची दारं भिंतीला टेकवून उभा करायला सांगतात.

मामींना नमस्कार.

तुमची भाची