बशीतला चहा

इंदूर, २८ जुलै २०२४

प्रिय सुध्या,

दोन वर्षं पत्र नाही की फोन नाही. काय शिव्या घालायच्या त्या घाल. आईची साखर आटोक्यात आहे, माझा गुडघा आहे तसाच. दादाबद्दल लिहायचंय, आणि ते तुलाच लिहिता येईल.

परवा २६ जुलैला कॉलनीत कारगिलचा कार्यक्रम होता, २५ वर्षं झाली म्हणून. दादाला शाल-श्रीफळ दिलं. मग एका पोराने माइक घेऊन विचारलं, "काका, तुम्ही किती मारले?" लोकांनी टाळ्या वाजवल्या रे! दादाने नारळ खुर्चीवर ठेवला आणि चालू लागला. मी मागोमाग. थेट सराफ्यापर्यंत अवाक्षर नाही. तिथे भुट्ट्याचा कीस घेतला, तो समोर गार होऊन गेला आणि दादा बोलायला लागला.

द्रासच्या वर, पहाटेची वेळ. खडकाला वळसा घातला तर दहा पावलांवर एक जण बसलेला. बंदूक मांडीवर, एक हातमोजा काढलेला, आणि तो बोटांवर फुंकर घालत होता. "हात आपोआप चालला," दादा म्हणाला. "डोकं मागून पोचलं."

सुध्या, तुझ्या लग्नातली सकाळ आठव. तू चहा बशीत ओतून फुंकर घातलीस आणि दादा ताडकन उठून गेला. 'फौजी तोरा' म्हणून तू वर्षभर अबोला धरलास, त्यावरून आपण किती भांडलो! वहिनीने बिचारीने माफी मागितली. तिला अजूनही काही माहीत नाही.

महूला फौजेच्या गोळीबाराच्या रेंजबाहेर काडतुसांच्या पुंगळ्या वेचताना आपल्याला माणसाच्या आकाराचा पुठ्ठा सापडला होता, तू त्याला मिशा काढल्या होत्यास. तो आकार का, ते आता वाचलं. दुसऱ्या महायुद्धानंतर मार्शल नावाच्या अमेरिकी अधिकाऱ्याने लिहिलं, की चकमकीत शंभरातले १५ ते २५ शिपाईच गोळी झाडतात. त्या आकड्यांवर पुढे इतिहासकारांनी शंका घेतली, पण सरावात गोल निशाणाच्या जागी माणूस आला तो आलाच. हाताला सवय लागावी म्हणून. ती नसती तर दादा परत आला नसता, हे मलाही कळतं. पण पाठवलं आपण सगळ्यांनी, आणि ती फुंकर त्याने एकट्याने घरी आणायची?

अशोकाने कलिंगात १ लाख मारले, दीड लाख धरून नेले, हे तेराव्या शिलालेखात स्वतःच कोरून ठेवलं. पण कलिंगातल्या धौलीला आणि जौगडला तो लेखच नाही. मला तरी वाटतं, त्या माणसांसमोर ते मांडायला त्याचीही जीभ रेटली नसेल. मग दादाकडून आपण माइकवर काय ऐकायला बसलो होतो?

वहिनीला मी सांगावं का? दादाने 'नको' म्हटलेलं नाही, 'सांग'ही म्हटलेलं नाही. दोन रात्री हाच विचार चाललाय. तू असतास तर सरळ सांगितलं असतंस.

सई दहावी झाल्याचं बंड्याकडून कळलं, तिला शाबासकी. घराची वास्तुशांत उरकली का?

दादाने विचारलं, "सुध्या अजून रागावलाय?" दिवाळीला ये. चहा कपातच देईन, निववून.

तुझा,
विन्या