आंबोलीहून आई-बाबांना

ती. आई आणि बाबा,
सा. न. वि. वि.

फोनवर बोलायचा धीर झाला नाही म्हणून लिहितेय. यंदाही ओवीला शाळेत घातलेलं नाही. तुम्ही दोनदा विचारलंत आणि दोन्ही वेळा मी विषय बदलला. बाबा, जिल्हा परिषदेच्या शाळेत तुमचा जन्म गेला. तुम्हाला हे ऐकून काय वाटेल, या विचारानं मला कितीतरी रात्री झोप नाही. तुमच्या शिकवण्यावर माझा राग नाही हो. मी घडले ती तुमच्याच हाताखाली. "बेडकांच्या मागं हिंडून पोरगी काय शिकणार," असं तुम्ही म्हणालात, ते आईनं मला सांगितलं. तिच्यावर चिडू नका.

काय शिकते ते सांगते. जूनमध्ये मागच्या दारच्या पिंपात, पाण्याच्या वर, झाडावरच्या बेडकानं फेसाचं घरटं केलं. ताक घुसळताना येतो तसा पांढरा गोळा. वरून सुकून त्याच्यावर साय धरली, आत ओल तशीच. चार-पाच दिवसांनी खालून एकेक पिल्लू पाण्यात टपकायला लागलं. ओवी स्टूल टाकून तिथंच बसलेली. मग रोज वही: तारीख, पाऊस, पाण्याचं तापमान, पट्टीवर मोजलेली लांबी. सरासरी मी तिला शिकवायला गेले नाही, अडली तेव्हा तिनंच विचारली. आधी मागचे पाय फुटले, मग पुढचे. शेपूट गळून पडत नाही, अंगातच जिरतं. त्या दिवसांत तोंडाची ठेवण बदलत असते, म्हणून पिल्लू काही खात नाही. "आई, ते शेपटावरच जगतंय," असं तिनं मला सांगितलं, तेव्हा मी तुमची आठवण काढली.

इथल्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, एक इवलासा भेक राहतो. 2009 साली त्याची नवी प्रजाती म्हणून नोंद झाली, नावच आंबोली टोड. रात्री तो बघायला गेलो तर ओवी सगळ्यांना दटावत होती: पाय बघून टाका, कोरड्या हातानं बेडूक उचलू नका, त्याची कातडी पाणी पिते.

बाबा, विहिरीवरचा विरोळा आठवतो? मला खांद्यावर घेऊन दाखवलात. मी तुमचे दोन्ही कान घट्ट धरले होते. "पाण्यातला आहे, बिनविषारी," म्हणालात. त्या दिवशी शाळा होती. तुम्हीच मला घरी ठेवलं होतं. ओवीनं वहीत 'दिवड' लिहिलंय, शेजारी मी आपला 'विरोळा' लिहिला.

दहावीची काळजी करू नका. 14 पूर्ण झाली की राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून (NIOS) परीक्षेला बसवता येतं, सगळं विचारून ठेवलंय. खाणंपिणं नीट आहे. सकाळी नाचणीची पेज, रात्री गरम भात. संध्याकाळी शेजारची पोरं अंगणात असतात, एकटी पडत नाही. पावसानं इथं कपडे आठ-आठ दिवस वाळत नाहीत, पण आई, तुझी गोधडी मी चुलीशी शेकून ठेवते. तिच्याशिवाय ओवी झोपत नाही.

आता मात्र माझं ऐकायचं. लाइट रात्रीची येते म्हणून बाबा उसाला पाणी पाजायला अनवाणी जातात. दिवाळीत आणलेले गमबूट माळ्यावरून आजच काढा. हातात बॅटरी हवीच. पडवीत चटईवर झोपणं बंद. खाट घ्यायची, मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचायच्या. मण्यार रात्रीचीच फिरते. ती चावली तरी बऱ्याचदा दुखत नाही, सूज येत नाही. मग पोट दुखतं, पापण्या मिटायला लागतात. काही झालंच तर 108 ला फोन, चावलेला हात-पाय हलवायचा नाही आणि सरळ सरकारी दवाखाना. दोरी आवळायची नाही, चिरा द्यायचा नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चौघांवर एकच लस चालते, म्हणून साप मारून न्यायची गरज नाही. अण्णाकाकांना आधी कुठं नेलं होतं ते मी लिहीत नाही. बाबा, तेव्हा आपल्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. तुमच्या मनातून ते जात नाही, हे मला दिसतं.

आई, पंचमीला आम्ही तिघंही शिराळ्याला येतोय. मातीच्या नागाची पूजा ओवी तुझ्याशेजारी बसून करणार आहे. वारुळात दूध तेवढं ओतू नकोस, साप दूध पीत नाही. लाह्या-फुटाणे ठेव, दिंडं कर. गुडघ्याला तेल लावत जा, माझ्यासाठी लाडू वळत बसू नकोस.

सोबत ओवीनं चार विषारी सापांची चित्रं काढून पाठवलीत. मण्यारीचे पट्टे शेपटीकडे ठळक, डोक्याकडे पुसट, हे तिनं लाल पेननं लिहिलंय. बाबा, तिच्या आबांना म्हणजे तुम्हाला चष्म्याशिवाय वाचता यावं म्हणून अक्षर मोठं काढलंय. ते कागद कपाटात जपून ठेवू नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मोटारीच्या पेटीवर लावा.

तुमची,
बेबी