नकार द्या, पण लेखी द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

यंदा अभियांत्रिकीच्या कॅप (केंद्रीभूत प्रवेश) फेरीत माझ्या मुलीला हव्या त्या कॉलेजात कॉम्प्युटरची जागा लागली. रिपोर्टिंगच्या, म्हणजे कॉलेजात हजर होऊन जागा पक्की करायच्या दिवशी राखीव जागेसाठी लागणारा नॉन-क्रीमी लेयरचा दाखला हातात नव्हता. सेतूत वेळेत अर्ज केल्याची पावती होती, पण दाखला प्रांत कार्यालयात अडकलेला. खिडकीतल्या बाई पडद्याकडे बघतच म्हणाल्या, "सिस्टीम घेत नाही." जागा गेली.

दाद मागायची, की पुढच्या फेरीत खुल्या गटातून मिळेल ते घ्यायचं, हे दोन दिवसांत ठरवायचं होतं. दीर म्हणाले, आता कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच झालंय, मुंबईचे हेलपाटे नाहीत, जाऊ की. हे म्हणाले, तारखांपायी पोरीचं वर्ष जाईल. ती स्वतः काहीच बोलेना.

वकिलांनी पहिल्यांदा विचारलं, "नकाराचा कागद कुठाय?" तो कुणी दिलाच नव्हता. तक्रार अर्ज घेऊन पुन्हा कॉलेजात गेले. "ठेवून जा" म्हणाले. आमच्या प्रतीवर आवकचा शिक्का मारायला मात्र कुणी तयार नाही. (पार्किंगची पावती मिळाली. तिच्यावर वेळसुद्धा होती.)

२०१९ मध्ये कृष्णा श्रद्धा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एमबीबीएसच्या प्रवेशापुरतं सांगितलंय, की गुणवत्ता असलेल्या विद्यार्थ्याचा दोष नसेल आणि तो लगेच कोर्टात आला असेल, तर अपवाद म्हणून मुदतीनंतरही जागा देता येते. २०२४ मध्ये प्रवेशाचे १७,५०० रुपये वेळेत ऑनलाइन भरता न आलेल्या उत्तर प्रदेशातल्या मजुराच्या मुलाला त्याच न्यायालयाने राज्यघटनेच्या कलम १४२ मधला (पूर्ण न्याय देण्याचा) खास अधिकार वापरून धनबादच्या आयआयटीत जागा मिळवून दिली. त्याच्या लॉगिनच्या वेळा तरी नोंदलेल्या होत्या. आमच्याकडे काय, तर 'सिस्टीम घेत नाही'!

२०१५ च्या कायद्याने राज्यात प्रवेश नियामक प्राधिकरण आहे, तिथे तक्रार करता येते. हेही आम्हाला वकिलांकडूनच कळलं. जागा नाकारताना कारण, तारीख-वेळ आणि दाद कुठे मागायची, एवढं छापलेली सही-शिक्क्याची चिठ्ठी देणं कॅप फेऱ्या घेणाऱ्या राज्याच्या सीईटी कक्षाने कॉलेजांना सक्तीचं करावं. भांडायचं की सोडून द्यायचं, ते आम्ही घरी बसून ठरवू.

दाखला आठव्या दिवशी आला. तोवर आम्ही दुसऱ्या कॉलेजात मेकॅनिकलची फी भरून बसलो होतो.

— एक पालक, तासगाव (जि. सांगली)