वैऱ्याचे भले करा, असे सगळेच सांगत नाहीत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत येशू आणि प्राचीन चिनी विचारवंत लाओत्झू यांची वचने शेजारी शेजारी छापून शेवटी 'सगळे धर्म एकच सांगतात' असा निर्वाळा दिला आहे. वचने छान निवडली आहेत, निर्वाळा मात्र पटला नाही.

'आपल्या वैऱ्यांवर प्रीती करा' हे येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनातले वाक्य आम्ही ख्रिस्ती माणसे लहानपणापासून इतके ऐकतो की ते टोचायचे थांबते. लाओत्झूच्या नावावर असलेल्या 'ताओ ते चिंग' या ग्रंथाच्या ६३व्या प्रकरणात वैराची फेड भलेपणाने करावी असे म्हटले आहे, तेही वाचायला गोडच. पण प्राचीन चीनमध्ये या विचारावर सगळ्यांनी माना डोलावल्या नव्हत्या. कोणीतरी कन्फ्यूशियस या दुसऱ्या चिनी विचारवंताला नेमके हेच विचारले, तर त्याने उलट सवाल केला : मग भलेपणाची फेड कशाने करणार? वैराला न्यायाने उत्तर द्या, भलेपणाला भलेपणाने. खरे सांगायचे तर आपण बहुतेक जण, दर रविवारी चर्चमध्ये मिस्साला (प्रार्थनाविधीला) जाणारे धरून, कन्फ्यूशियसच्याच पक्षातले. सोसायटीत पार्किंगवरून भांडण जुंपल्यावर कोणी दुसरा गाल पुढे केलेला मी तरी पाहिलेला नाही.

बरे, येशू आणि लाओत्झू या दोघांचा निष्कर्ष जुळला तरी कारणे जुळत नाहीत. येशू म्हणतो, स्वर्गातला पिता वाईटांवर आणि चांगल्यांवर सारखाच सूर्य उगवतो, पाऊसही दोघांवर पाडतो. तुम्ही त्याची लेकरे, तेव्हा तसेच वागा. लाओत्झूही आभाळाकडेच बोट दाखवतो, पण त्याच्या आभाळात बाप नाही. पाचव्या प्रकरणात तो सरळ सांगतो की आकाश आणि पृथ्वी कोणाची माया धरत नाहीत, सगळ्यांना गवताच्या कुत्र्यांसारखे लेखतात. ही कुत्री पूजेपुरती सजवत आणि पूजा आटोपली की फेकून देत. इकडे येशूचा देव माणसाच्या डोक्यावरचे केससुद्धा मोजून ठेवणारा! आणि तरीही ४९व्या प्रकरणात लाओत्झू लिहितो की चांगल्याशी मी चांगला वागतो, जो चांगला नाही त्याच्याशीही चांगलाच वागतो. इतक्या वेगळ्या वाटांनी येऊन दोघे एकाच अवघड जागी पोचतात, याचे मला जास्त नवल वाटते.

लेखात आणखी एक गोष्ट राहून गेली. लाओत्झू बऱ्याच ठिकाणी राज्यकर्त्याशी बोलतो. माया, काटकसर आणि जगाच्या पुढे जाण्याची हाव न धरणे, ही त्याची तीन रत्ने ६७व्या प्रकरणात येतात. ३१व्यात तर युद्ध जिंकल्यावर अंत्यविधीच्या रीतीने वागावे असे आहे. (जेसीबीतून गुलाल उधळणाऱ्या आपल्या विजयी उमेदवारांना हे प्रकरण कोणी वाचून दाखवील का?) येशूसमोर मात्र कोळी आणि जकातदार बसलेले. त्यांना त्याने शेवटच्या भोजनाच्या रात्री कमरेला रुमाल बांधून, घंगाळात पाणी ओतून पाय धुऊन दाखवले. आमच्या चर्चमध्ये पवित्र गुरुवारी फादर बारा जणांचे पाय धुतात. निवड झालेले बाराही जण घरूनच पाय स्वच्छ घासून येतात, हा भाग वेगळा.

हे दोन विचार केवळ पुस्तकांतच भेटले असेही नाही. चीनमध्ये सियान येथे इ. स. ७८१मध्ये कोरलेला पावणेतीन मीटरच्या आसपास उंचीचा शिलालेख आहे. पूर्वेकडच्या सिरियाक ख्रिस्ती परंपरेचा आलोपेन नावाचा धर्मगुरू ६३५मध्ये चीनच्या तांग राजघराण्याच्या राजधानीत आला, ती हकिगत त्यावर आहे. लाओत्झूला आपला पूर्वज मानणाऱ्या या राजघराण्याने त्याचे स्वागत केले. ६३८च्या फर्मानात 'मार्गाला कायमचे एक नाव नसते' असे शब्द आहेत, आणि 'मार्ग' म्हणजेच लाओत्झूचा 'ताओ'. हा शिलालेख लिहिणारा ख्रिस्ती धर्मगुरू जिंगजिंग आपल्या धर्मबांधवांबद्दल सांगतो की ते दास बाळगत नाहीत, थोर आणि सामान्य यांना सारखे मानतात, धन साठवत नाहीत. लाओत्झूच्या वाचकाला यात परके काही वाटले नसावे.

पण ८४५मध्ये त्याच घराण्यातल्या वूझोंग या ताओभक्त सम्राटाने बौद्ध मठांबरोबर या ख्रिस्ती मठांवरही वरवंटा फिरवला. माया हे पहिले रत्न मानणाऱ्याचा तो भक्त! आम्ही ख्रिस्ती लोकांनी यावर फार बोलू नये, आमच्या इतिहासात क्रुसेड म्हणजे धर्मयुद्धे आहेत आणि गोव्यातले इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड्यांना शिक्षा करणारे धर्मन्यायालयही आहे. 'सगळे एकच सांगतात' म्हटले की हे सारे झाकले जाते आणि मूळ शिकवण किती कठीण होती तेही विसरायला होते.

लेखमालेत पुढे कन्फ्यूशियस येणार असेल तर त्याचा तो उलट सवाल जरूर छापा. त्यावर ख्रिस्ती वाचकांची पत्रे आली तर वाचायला आवडतील, विशेषतः ज्यांचे कोर्टात भावकीचे दावे चालू आहेत त्यांची.

आपला,
एक वाचक, वसई